फणसवाडीच्या तरीला मोटारबोट पोचवली

सोलापुरात परतल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "रेवण्णा, समुद्र केवढा हाय रे?" आता काय सांगू? आपल्या माणसानं पाणी पाहिलं ते हिप्परग्याच्या तळ्याचं, आणि तेही उन्हाळ्यात कडेनं तडकलेलं. "लई मोठा हाय" म्हटलं तर विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, आणि खरं सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून सगळी हकीकत लिहूनच काढतो, म्हणजे ज्याला हवं त्यानं वाचावं आणि माझं डोकं सोडावं.

मी इंजिनांचा मिस्त्री. विहिरीवरची तेलाची इंजिनं, कापसाच्या जिनातली इंजिनं, शेटलोकांच्या मोटारी, काहीही बिघडलेलं आणा, मी चालू करून देतो. ही फुशारकी नाही, आमच्या पेठेत कुणालाही विचारा. माझा दोस्त यशवंत मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम आहे. तो मूळचा कोकणातला, आणि त्याची बहीण गोदा बाणकोटच्या खाडीवर फणसवाडीला दिलेली. गोदा आणि तिची थोरली जाऊ भागीरथी, दोघी मिळून तिथली तर चालवतात. तर म्हणजे अलीकडची माणसं होडीतून पलीकडे नेणं आणि पलीकडची अलीकडे आणणं. भागीरथीचा नवरा तापानं गेला. गोदाचा नवरा मोठ्या जहाजावर खलाशी, चार वर्षांत घरी आला नाही, नुसती पत्रं येतात. तेव्हापासून या दोघी बायकाच वल्ही मारतात.

यंदा तिथल्या बोर्डानं फर्मान काढलं की खाडीला ओढ फार, हातवल्ह्याची होडी बंद. मार्गशीर्ष वद्य नवमीला बोर्डाचे साहेब तरीवर येतील, त्या दिवशी मोटारबोट धक्क्याला उभी असली की तर तुमची. नसेल तर बाहेरचा एक मक्तेदार बोट घेऊन तयारच बसला होता. तीन पिढ्यांची तर हातची जायची वेळ आली. यशवंतनं हे मला सांगितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी उताविळा माणूस, पटकन बोलून गेलो, "नवमीला बोट धक्क्याला लावतो. न्हाय लावली तर मिशा उतरवीन."

दोघी जावांनी दागिने मोडून रेवसला एक मजबूत होडी बांधायला टाकली होती. मी एका शेटच्या जुन्या मोटारीचं इंजिन मिळवलं, ते रेल्वेनं मुंबईला आणि तिथून पडावात घालून रेवसला नेलं, आणि वीस दिवस खपून होडीत बसवलं. प्रवास तिथून सुरू झाला, वद्य तृतीयेला. हाताशी सहा दिवस होते आणि वाट चार दिवसांची. म्हटलं, आरामात जाऊ!

रेवस ते रेवदंडा

बोटीवर आम्ही दोघंच. मी इंजिनापाशी, आणि सुकाणूवर गणू तांडेल. तांडेल म्हणजे नाव हाकणारा मुख्य माणूस. वय साठीचं, अंगात एक बंडी, डोक्याला लाल फडकं, आणि दर दहा वाक्यांमागं एक खोकला. बोलणं तुटक. मी वीस दिवस त्याला इंजिनाची तारीफ ऐकवली होती, त्यावर त्यानं एकदाच विचारलं होतं, "वल्ही ठेवलीत ना बोटीत?"

मी हँडल मारलं, इंजिन पहिल्या फटक्याला बोललं, आणि बोट निघाली. काय सांगू तुम्हाला! किनाऱ्यावरच्या कोळणी पाट्या खाली ठेवून बघत राहिल्या. मी उभा राहून त्यांना हात केला. त्यानंतर अर्ध्या तासात मी बोटीच्या कडेला लोंबकळत होतो आणि सकाळचा चहा समुद्रात चालला होता. तांडेल शांतपणे म्हणाला, "खाली बगू नका मिस्त्री. लांब बगा."

लांब बघितलं. तिकडेही पाणीच.

दुपारच्या सुमाराला इंजिनाच्या टाकीतून वाफ यायला लागली. टाकीचं थोडं सांगायला हवं. आपल्याकडे इंजिन गार ठेवायला शेजारी पाण्याची टाकी असते. तेच पाणी इंजिनात जातं, तापून परत टाकीत येतं, निवतं, पुन्हा जातं. थेंब वाया जात नाही. मी बोटीतही तशीच झकास टाकी बसवली होती, पाच घागरी गोड पाणी मावणारी. तांडेलनं वाफेकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "मिस्त्री, भवताली येवडा दर्या हाय, आनि तुमी पानी टाकीत भरून कशाला आनलंय?"

"मग काय करायचं?"

"हिकडनं घ्यायचं, तिकडनं सोडायचं."

"सोडायचं? पाणी?" मला रागच आला. "आमच्याकडं असं पाणी सोडलं तर लोक हाणतील!"

"तुमच्याकडं," तांडेल म्हणाला आणि सुकाणूकडे वळला. मीही हट्टानं तासभर इंजिन बंद ठेवून टाकी निववली, पण खाऱ्या पाण्याला हात लावला नाही.

संध्याकाळी रेवदंड्याला तांडेलच्या ओळखीच्या घरी उतरलो. तिथं मी शिदोरी सोडली. घरून दुरडीभर कडक भाकरी आणल्या होत्या, महिना टिकतील अशा, पापडासारख्या मोडणाऱ्या. हातात घेतली तर काय, भाकरी मऊ! वाकवली तर वाकली, मोडायचं नाव नाही. त्या दमट हवेनं माझ्या आईच्या भाकरीची पार लाज काढली. घर सोडून किती लांब आलो ते मला तेव्हा कळलं. घरच्या बाईनं तांदळाची भाकरी आणि कसल्याशा मासळीचं लालभडक कालवण वाढलं. मी मटणाला कधी नाही म्हणत नाही, पण मासळीचा वास नाकात बसत नव्हता. नाक मुरडतच घास घेतला. दुसरा घास मुरडल्याशिवाय गेला, आणि पाचव्याला मी बाईंना विचारलं, "अजून हाय का?" बदल्यात मी शेंगाचटणी दिली. तांडेलनं भातावर मूठभर घेतली आणि मग तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. "मसाला हाय का दारू उडवायची?" एवढंच म्हणाला.

जेवण झाल्यावर अंगणात बसलो होतो. तांडेलनं बोटांवर तिथी मोजल्या आणि अशी गोष्ट काढली की माझी झोप उडाली.

"मिस्त्री, हयगय नको. सष्टीला खाडीत शिरलो म्हंजे जिंकलो. सप्तमीपासनं भांग लागनार."

"काय लागणार?"

"भांग. एकदा भांग लागला का माझ्या हातात काय नाय. बोट जागची हलायची नाय."

मी थक्क. एवढा सरळ दिसणारा म्हातारा, आणि तोंडानं सांगतो की सप्तमीपासून मी भांगेत! मी जपून विचारलं, "हे दर महिन्याला असतं?"

"महिन्यातनं दोनदा. दर अष्टमीला."

"सोडता येत न्हाय का मामा?"

"सोडायचं काय त्यात?" तांडेल माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत म्हणाला. "बापजाद्यापासनं हायच."

"तुमच्या एकट्यालाच का गावाला?"

"साऱ्या किनाऱ्याला!"

देवा रे! मी मनातल्या मनात हात जोडले. दर अष्टमीला सगळा किनारा भांग पिऊन पडतो, आणि मी त्यांच्या भरवशावर दोन बायांचं पोट घेऊन निघालोय.

मुरूड

दुसऱ्या दिवशी मुरूडला पोचलो. तिथून समुद्रातला तो प्रसिद्ध किल्ला दिसला. पाण्यात उभी भिंत, आत म्हणे गोड्या पाण्याचं तळं. समुद्रात मधोमध गोडं पाणी, आणि आमच्या पेठेत आड कोरडे! देवाचा हिशेब मला कधी कळला नाही.

माझं लक्ष मात्र किल्ल्यात नव्हतं. ते तांडेलच्या पिशवीत होतं. तो पाणी आणायला उतरला तेव्हा मी पिशवी उघडली. चूक झाली, कबूल करतो, पण उघडली. आत सुपारी, अडकित्ता, एक धोतर आणि फडक्यात बांधलेली हिरवी पूड. सापडली! मी ती पुरचुंडी तशीच पाण्यात भिरकावली आणि सभ्य माणसासारखा नट आवळत बसलो.

तांडेल परत आला. थोड्या वेळानं पिशवी चाचपायला लागला. दोरांखालीही शोधलं आणि सोडून दिलं. त्या रात्रीपासून त्याचा खोकला वाढला. मला वाटलं, नशा सुटली की असंच होतं. मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवून म्हणालो, "मामा, चार दिवस तरास होईल. मग बरं वाटंल." तो माझ्याकडे बघतच राहिला.

श्रीवर्धन

पंचमीला श्रीवर्धन गाठलं. गाव काय सुरेख! सुपारीच्या वाड्या अशा दाट की दुपारी अंगावर ऊन पडत नाही, आणि प्रत्येक वाडीत पाटाचं पाणी झुळझुळ वाहतंय. आमच्याकडे एका केळीला आंघोळीचं पाणी घालताना घरात भांडणं होतात. इथं पाणी रस्त्यावर आलं तरी कुणी वळून बघत नाही. एका वाडीतल्या काकांनी शहाळं फोडून दिलं आणि पैसे विचारले तर रागावले. म्हणाले, "सोलापूरचे का? मग आमच्या घरी तुमच्याकडची चादर आहे!" आणि खरंच आतून आणून दाखवली. मला इतका आनंद झाला की ती चादर मीच विणल्यासारखा मी तिच्यावर हात फिरवत बसलो.

इथून बाणकोट हाताच्या अंतरावर, बारा मैल. षष्ठीला पहाटे तांडेल तयार होऊन बसला. "चला मिस्त्री. भांग जवळ आला."

त्याचं ते "भांग जवळ आला" ऐकलं आणि माझा निश्चय पक्का झाला. मी विचार केला, बाणकोट याचा मुलूख. तिथं सप्तमी-अष्टमीला याचे सगळे सोबती घोटून बसलेले असणार. हा त्यांच्यात गेला की संपलंच. त्यापेक्षा याला इथंच नजरेखाली ठेवावा, अष्टमी बिनभांगेची जाऊ द्यावी, आणि शुद्धीवरच्या तांडेलला घेऊन ऐन वेळी खाडी गाठावी. बारा मैल तर आहेत! झालं, मी कार्बोरेटर खोलला आणि तोंड पाडून सांगितलं, "बिघाड हाय. दोन दिवस लागतील."

तांडेल हादरलाच. "दोन दिवस? भांग लागेल की!"

"लागू देणार न्हाय मी!" मी ओरडलो. माझं आजोळ अक्कलकोटकडचं, त्यामुळे राग आला की तोंडातून कानडी बाहेर पडतं. "सुम्म कूड!" म्हणजे गप्प बस. तांडेलला वाटलं, इंजिन सुधारण्याचा काही मंत्र असावा. तो दोन पावलं मागं सरकून बसला.

दोन दिवस मी कार्बोरेटर पुसत बसलो. तो इतका स्वच्छ आयुष्यात कधी झाला नव्हता. तांडेल बाजारात निघाला की मी मागं. तो देवळात गेला तरी मी दाराशी. बिचारा किनाऱ्यावर जाऊन पाण्याकडे बघायचा, बोटं मोजायचा आणि उसासे टाकायचा. मी म्हणायचो, कसा तळमळतोय बघा!

अष्टमी उजाडली. तांडेल संपूर्ण शुद्धीवर. डोळे स्वच्छ, पाय स्थिर. मी अगदी हवेत होतो. त्याच्या शेजारी वाळूत बसलो आणि म्हणालो, "बघा मामा, आज अष्टमी. भांग लागला का? न्हाय लागला! मनात आणलं की सगळं होतं की."

तांडेलनं सावकाश माझ्याकडे मान वळवली. "नाय लागला? डोळे हायत का तुमाला? त्यो बगा."

त्यानं बोट केलं तिकडे खडक होता. खडकावर शेवाळाचा ओला पट्टा होता, पुरुषभर उंच, आणि पाणी त्याच्या पार खाली लुडबुडत होतं.

"पुनवेला पानी तितवर चढत हुतं. ते उधान. आता अष्टमीला चढतच नाय, हितंच खेळतं. ह्यो भांग. भांगाची भरती. फनसवाडीच्या खाली खाडीत वाळूचा दांडा हाय. उधानाला त्याच्यावरनं हत्ती जाईल, भांगाला मोटारबोट जायाची नाय. पाच दिवस तुमच्या कानात हेच वरडतोय मी!"

मंडळी, माझ्या पायाखालची वाळू सरकली म्हणतात ती अशी. मी सातवी पास झालेला माणूस. भांग प्यायची असती तर तो "भांग लागली" म्हणाला असता. तो पहिल्या दिवसापासून "भांग लागला" म्हणत होता, "भांग आला" म्हणत होता. एका काना-वेलांटीचा फरक, आणि तो माझ्या कानानं खाऊन टाकला. किनाऱ्यावरचं पोरगंसुद्धा ज्या शब्दावर भरतीचा अंदाज बांधतं, त्या शब्दासाठी मी एका भल्या म्हाताऱ्याला भंगड ठरवला होता.

"मग ती हिरवी पूड?" मी कसंबसं विचारलं.

"अडुळसा. खोकल्याचा." मग त्याच्या ध्यानात आलं. "तुमी टाकलात?"

मी त्याचे पाय धरले. खरोखर धरले, भर किनाऱ्यावर. आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारा आता वल्ह्यानं हाणणार. तो आधी खोकला, मग हसला, मग खोकत खोकत हसला आणि वाळूत आडवाच झाला. "साऱ्या किनाऱ्याला," तो म्हणाला, "साऱ्या किनाऱ्याला भांग!" आणि पुन्हा हसला. मग डोळे पुसून एकदम उठला. "हसायला मागनं वेळ हाय. त्या बायांची तर उद्या जाईल. हँडल मारा!"

बाणकोटची खाडी

त्या दिवशी मी इंजिनाला जेवढं पळवलं तेवढं कधी पळवलं नाही. बाणकोटचा किल्ला उजव्या हाताला आला, एवढंच आठवतं, तेही तांडेलनं दाखवला म्हणून, कारण माझं डावं-उजवंसुद्धा जाग्यावर नव्हतं. खाडीत शिरलो. दोन्ही अंगाला डोंगर उतरत आलेले, मध्ये संथ हिरवं पाणी, काठाला चिखलात उभी झाडं. एरवी मी तोंडात बोट घातलं असतं. पण मी तांडेलच्या तोंडाकडे बघत होतो.

दिवस कलता कलता भरती पुरी झाली तेव्हा आम्ही दांड्यावर आलो. फणसवाडीचा धक्का समोर दिसत होता, मैलभरावर. बोटीनं एक गचका खाल्ला, मागचा पंखा वाळूत घुसला, आणि आम्ही उभे. मागं घेतली, पुन्हा घातली, पुन्हा गचका. तिसऱ्यांदा इंजिनच गप्प झालं. पाणी हळूहळू उतरायला लागलं.

समोरून एक होडी आली. दोन बाया वल्ही मारत होत्या, कासोटा आवळून, एका तालात. पुढची उंच, पांढऱ्या केसांची, ती भागीरथी. मागची सावळी, चपळ, ती गोदा. भागीरथीबाईंनी होडी आमच्या बोटीला लावली, वाकून पाण्यात हात घातला, दांडा किती खाली आहे ते चाचपलं आणि मग बोलल्या, "सष्टीला येनार हुतात."

मी खोटं बोलू शकलो असतो. इंजिनावर ढकलू शकलो असतो. पण त्या बाईंच्या हातांवरचे घट्टे मी पाहिले आणि सगळं खरं सांगितलं, भांगेसकट. गोदा वल्हं सोडून हसत सुटली. भागीरथीबाई हसल्या नाहीत.

"गोदे, उद्या तर ऱ्हायली तर हस," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, सकाळच्या भरतीला एकच खेप हाय. ती चुकली का साहेबाला आमी हीच होडी दावनार, आनि साहेब त्या मक्तेवाल्याला बोलावनार. कशी काढता सांगा."

मला रडूच फुटलं. पुरुषमाणूस असलो तरी लपवत नाही. गोदाकडे वळून म्हणालो, "अक्का, मी बोट खांद्यावर घीन, पण काढीन." गोदाला मी आमच्याकडच्या रीतीनं अक्का म्हणत होतो. ती म्हणाली, "खांद्यावर नको दादा, हलकी करा."

हलकी करा! एवढी सोपी गोष्ट, आणि मला सुचली नव्हती.

नवमीला उजाडायच्या आत चौघं कामाला लागलो. पेट्रोलचे डबे, नांगर, पेट्या, तोलासाठी तळात ठेवलेले दगड, माझ्या मऊ भाकऱ्यांची दुरडी, सगळं होडीत. तरी बोट चार बोटं जास्तच बुडालेली. सगळा भार मागं, इंजिनापाशी. तांडेलनं टाकीवर टिचकी मारली. पाच घागरी पाणी! सोलापूरच्या शहाणपणाचं सगळं वजन तिथं बसलं होतं.

मी दात-ओठ खात टाकीची तोटी सोडली. गोडं पाणी खाडीत निघून गेलं. माझ्या हातानं मी एवढं पाणी सांडलं हे आईला अजून सांगितलेलं नाही. मग टाकीच उखडून होडीत टाकली आणि इंजिनाच्या वरच्या नळीला पत्र्याचं नरसाळं लावलं. गोदाअक्काला सांगितलं, "खाडीचं पाणी डब्यानं ह्यात वता. खालच्या नळीतनं कढत पाणी भाईर जाईल. हात थांबला की इंजिन जळलं."

"थांबायचा नाय," ती म्हणाली.

भरती चढली. भांगाची, मेली, कंजूष भरती. तांडेल आणि भागीरथीबाई पुढच्या टोकाला जाऊन बसले, म्हणजे मागचा पंखा वर यावा. मी हँडल मारलं. गोदा डबा ओततेय, मी थ्रॉटल धरलाय, पंख्यानं काळा चिखल उडवून आम्हा दोघांची तोंडं रंगवलेली. बोट दांड्यावर चढली. थांबली. खालून खरखर आवाज आला. "सोडू नका!" भागीरथीबाई पुढून ओरडल्या आणि त्या वयाला साडीसकट पाण्यात उतरल्या. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी बोटीच्या टोकाला खांदा लावला. तांडेल दुसऱ्या बाजूनं उतरला. दोघांचं वजन गेलं, दोघांचं बळ आलं. बोटीनं एक उसळी घेतली आणि दांडा मागं पडला!

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. तांडेल सांगतो की कानडीत होतं.

फणसवाडी

साहेब न्याहारीनंतर आले. कोट, टोपी, हातात कागद, सोबत एक कारकून. धक्क्यावर सगळं गाव जमलेलं. बोट धुऊन-पुसून उभी होती. आम्ही चौघं मात्र चिखलाचेच. साहेबांनी बोट आतून-बाहेरून पाहिली, इंजिनाला छडी लावून पाहिली, मान हलवली आणि माझ्याकडे वळले.

"इंजिन तुम्ही बसवलंत? उत्तम. पण तुम्ही सोलापूरचे. तुम्ही परत गेलात की ही बोट कोण चालवणार? या दोघी?"

याचं उत्तर मी सबंध प्रवासात एकदाही शोधलं नव्हतं. बोट पोचवायची, एवढंच डोक्यात. मी तोंड उघडलं, म्हणणार होतो की मी महिनाभर राहतो, शिकवतो. तेवढ्यात गोदा बोटीत उतरली. पदर खोचला आणि मला म्हणाली, "मिस्त्रीदादा, तुमी खाली उतरा."

"अक्का, हँडल उलटं फिरतं, मनगट मोडतं..."

"सकाळी बगितलंय मी. उतरा."

मी उतरलो. भागीरथीबाई सुकाणूवर बसल्या. साहेब आणि कारकून मध्ये. गोदानं हँडल मारलं. इंजिन नुसतं खोकलं. तिनं पुन्हा मारलं. हँडल उलटं उसळलं, पण अंगठा बाजूला ठेवायचं तिला न सांगता कळलं होतं. माझे हात आपोआप पुढं गेले, तांडेलनं माझा दंड धरून ठेवला. तिसऱ्यांदा तिनं सगळं अंग घालून फिरवलं, आणि इंजिन बोललं. तिनं एका हातानं डबा उचलला, दुसऱ्यानं थ्रॉटल धरला, आणि बोट धक्का सोडून गेली.

वीस दिवस आणि सहा दिवस मी त्या इंजिनाला कान लावून बसलो होतो, पण लांबून ते मी कधी ऐकलंच नव्हतं. खाडीवरून त्याचा आवाज एकसारखा येत होता, एकही ठोका न चुकता. गाव ओरडत होतं. मी बोटांवर ठोके मोजत उभा होतो. बोट पलीकडच्या काठाला लागली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. मी तांडेलकडे वळलो. "बंद पडली का मामा?"

"गप बगा," तांडेल म्हणाला.

बोट परत फिरली. जवळ आली तेव्हा कळलं, उशीर का झाला ते. पलीकडे उतारू खोळंबले होते, आणि भागीरथीबाईंनी तपासणी-बिपासणी न बघता सगळ्यांना आत घेतलं होतं. बोट गच्च भरलेली. भाजीच्या पाट्या, एक नवरा-नवरी, दोन शेळ्या, आणि मधोमध साहेब, मांडीवर कुणाचं तरी लेकरू घेऊन, टोपी सावरत. गोदा सारखी डबा ओतत होती.

साहेबांनी तिथंच, धक्क्यावर, कारकुनाच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. कारकुनानं विचारलं, मालक म्हणून नाव कुणाचं? घरात पुरुष कोण? भागीरथीबाई म्हणाल्या, "तर आमी चालवतो. दोगींची नावं लिवा." साहेबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा त्या भरलेल्या बोटीकडे बघितलं आणि म्हणाले, "लिहा." कारकुनानं लिहिलं.

पुढच्या फेरीला माणसं आधीच चढायला लागली होती. मीही सवयीनं मागं इंजिनाकडे वळलो. गोदानं हातातल्या डब्यानंच मला अडवलं.

"दादा, हितं गर्दी नको. तुमी पुढं बसा."

मी पुढं जाऊन इतर उतारूंमध्ये बसलो.